बाबांचं कानातलं

प्रत्येक स्वयंपाकघरात एक खण असा असतो, जो कधीच नीट बंद होत नाही. तुमच्याकडे असेल, माझ्याकडे आहे, आमच्या शेजाऱ्यांकडे तर दोन आहेत. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या कोंबलेल्या असतात. भाजीच्या, ब्रेडच्या, औषधाच्या दुकानातल्या, आणि ज्यांचा जन्म कुठं झाला ते कुणालाच आठवत नाही अशाही. लागतील कधीतरी म्हणून आपण त्या जपून ठेवतो. लागते एक आणि घरात येतात चार.

ही गोष्ट ज्यांच्या घरची आहे ते गृहस्थ एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल होते. त्यांची बायको रुग्णालयात नर्स. तिच्या पाळ्या सतत बदलत, म्हणून स्वयंपाकघर ग्रंथपालांच्या ताब्यात होतं आणि ते त्यांनी वाचनालयासारखंच चालवलं होतं. वाचनालयात नवं पुस्तक आलं की आधी त्याला प्लास्टिकचं कव्हर घालायचं, मग पाठीवर चिठ्ठी चिकटवायची, मग ते कपाटात. पंचवीस वर्षं हात हेच करत आले होते. घरी आल्यावर समोर पुस्तक नसलं तरी हात थांबत नव्हते. अर्धं लिंबू उरलं, घाल पिशवीत. चार मिरच्या उरल्या, घाल दुसऱ्या पिशवीत. वर चिठ्ठी, टपोऱ्या अक्षरात: "लिंबू, अर्धं, सोमवार."

"आपल्या फ्रिजमधली काकडी रेनकोट घालून बसलीय," बायको म्हणायची. "तिला पाऊस लागणार आहे का?"

"कव्हर घातलं की वस्तू टिकते," ग्रंथपाल शांतपणे सांगायचे.

खरं तर टिकायचं काहीच नाही. सोमवारचं लिंबू गुरुवारी वाळून जायचं आणि आपल्या चिठ्ठीसकट कचऱ्यात जायचं. टिकायची ती फक्त पिशवी.

घरात आणखी दोन माणसं होती. एक ग्रंथपालांचे वडील. उभं आयुष्य त्यांनी रेडिओ दुरुस्त केले आणि म्हातारपणी त्यांचेच कान बिघडले. दुसरी ग्रंथपालांची नऊ वर्षांची मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. पाय असे पळायचे, पण शब्द मात्र अडखळायचे. "मला पाणी" म्हणताना "म" वरच गाडी अडायची. मग वर्गातली मुलं तिचं वाक्य पुरं करून टाकायची, बाई घड्याळाकडे बघायच्या, आणि भिंगरी गप्प व्हायची.

आजोबांपाशी मात्र ती अडखळत नसे. त्यांच्याशी सगळ्यांनाच हळू बोलावं लागे, एकेक शब्द सुटा करून. आजोबा तिच्या तोंडाकडे बघत बसायचे, कानाच्या मागे हात धरायचे आणि म्हणायचे, "सावकाश. मी कुठं पळून चाललोय?" असं म्हटलं की तिचे शब्द एकामागून एक बाहेर यायचे.

आजोबांच्या उजव्या कानात ऐकण्याचं छोटं यंत्र असे. डावा कान कामातून गेला होता. भिंगरी तीन वर्षांची असताना आईच्या कानाकडे बोट दाखवून म्हणाली होती, "आईला कानातलं, आजोबांना पण कानातलं." तेव्हापासून घरात त्या यंत्राचं नाव कानातलं पडलं. आजोबा ते काढून ठेवताना बंद करायचं हटकून विसरत. मग ते मुठीत किंवा उशीखाली दाबलं गेलं की कुंई करून शिट्टी मारायचं आणि भिंगरी ओरडायची, "आजोबा, तुमचं कानातलं रडतंय!"

त्या आठवड्यात भिंगरीच्या शाळेत एक कार्यक्रम होता. शनिवारी सकाळी प्रत्येक मुलानं व्यासपीठावर येऊन कुणाचे तरी आभार मानायचे, तीन-चार वाक्यांत. भिंगरीनं आजोबा निवडले होते. पंधरा दिवस दोघांची तालीम चालली होती. ठरलं असं की आजोबा पहिल्या रांगेत बसतील, कानामागे हात धरतील आणि ती फक्त त्यांच्याशी बोलेल. बाकीचं सभागृह नाहीच असं समजायचं. "आणि तुम्हाला खरंच ऐकू आलं पाहिजे," तिनं बजावलं होतं. "नुसती मान हलवायची नाही. मला कळतं."

गुरुवारी सकाळी हवा दमट होती. आजोबांनी दाढीसाठी कानातलं काढून ओट्यावर ठेवलं. शेजारीच नळ वाहत होता. ग्रंथपालांनी ते पाहिलं, आणि हातांनी आपलं नेहमीचं काम केलं. लहानशी पिशवी काढली, यंत्र आत घातलं, हवा काढून तोंड बंद केलं, वर चिठ्ठी चिकटवली: "बाबांचं. ओलं करू नये." मग ती ओट्यावरच ठेवून ते भाजी चिरायला वळले.

गुरुवार हा त्यांचा फ्रिज साफ करण्याचा दिवस. वाळलेली लिंबं, सुकलेल्या मिरच्या, बुरशी आलेलं चीज, सगळ्या पिशव्या बाहेर निघाल्या आणि ओट्यावर त्यांचा ढीग झाला. बाहेर कचऱ्याच्या गाडीचा भोंगा वाजला. ग्रंथपालांनी एका हातानं ढीग मोठ्या काळ्या पिशवीत लोटला, तिला गाठ मारली आणि धावत जाऊन गाडीत टाकून आले.

दाढी आटोपून आजोबा बाहेर आले. "माझं कानातलं कुठं आहे रे?"

ग्रंथपालांनी ओट्याकडे पाहिलं. ओटा लख्ख होता. त्यांची पाचावर धारण बसली.

नवं यंत्र करायचं तर कानाचा साचा घेण्यापासून तीन आठवडे लागणार होते आणि शनिवार परवावर आला होता. भिंगरी दप्तर पाठीला लावून दारात उभी होती. तिला सगळं कळलं. ती रडली नाही. "म… म… म…" एवढंच तिच्या तोंडून आलं आणि ती तशीच शाळेला गेली. ग्रंथपालांना ते "म" दिवसभर ऐकू येत राहिलं.

फ्रिजच्या दारावर कचऱ्याच्या वेळापत्रकाचा कागद होता, त्यावर कचरा जिथं जातो त्या शेडचा फोन नंबर होता. ग्रंथपाल बूट चढवत असताना बायकोनं फोन लावला.

"अहो, आमच्या सासऱ्यांचं कानातलं चुकून कचऱ्यात आलंय. काळी पिशवी, साडेसातची गाडी."

"सोन्याचं आहे का, बाई?" पलीकडून एक जाड आवाज आला.

"सोन्याचं काय घेऊन बसलात मावशी, आमच्यासाठी त्याहून मोलाचं आहे," नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला, कारण रुग्णालयाची बस दाराशी आली होती.

कचरा वेगळा करण्याची शेड शहराच्या कडेला होती. वर पत्रा, खाली सिमेंटची लांब फरशी, एका अंगाला गठ्ठे दाबायचं मोठं यंत्र. ग्रंथपाल पोचले तेव्हा हातमोजे घातलेल्या सहा बायका एका ढिगाभोवती बसून एकेक पिशवी सोडत होत्या. त्यांची मुकादम पन्नाशीची, ठेंगणी, चष्म्याला दोरी बांधलेली. सगळ्या तिला मावशी म्हणत.

"या साहेब. तुमच्यापायी सकाळपासून दुसरं काम केलं नाही," मावशी म्हणाल्या. "एक सापडलंय. पण जोडी लागत नाही." आणि त्यांनी तळहातावर लाल काचेचा एक डूल पुढं केला.

ग्रंथपालांनी मान हलवली. "मावशी, हे नाही."

"मग हिऱ्याचं होतं का? सोन्याहून मोलाचं म्हणाल्या बाई. आणि सासऱ्यांचं म्हणाल्या. आम्ही म्हटलं, असतील सासरे हौशी."

"अहो, कानात घालून ऐकायचं यंत्र. घरी आम्ही त्याला कानातलं म्हणतो."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सहाही जणी अशा हसल्या की पत्रा दणाणला. मावशींनी चष्मा काढून डोळे पुसले. "तासभर आम्ही डूल शोधतोय!" पण हसून झाल्यावर त्यांनी ग्रंथपालांचा चेहरा नीट पाहिला आणि विचारलं, "त्यांना त्याच्याशिवाय अजिबात ऐकू येत नाही का?"

ग्रंथपालांनी सगळं सांगितलं. भिंगरीचं अडखळणं, शनिवार, पहिली रांग. सांगताना त्यांचाच आवाज अडखळला. मावशींनी एक जोड हातमोजे त्यांच्यापुढं टाकले. "बसा मग. सात जण झालो."

ग्रंथपाल फरशीवर बसले. आपल्या घरून निघालेली पिशवी पुढं कुठं जाते ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही-आम्ही तरी कुठं पाहिलंय? गाठ मारली की आपल्यापुरता विषय संपतो. इथं ती गाठ नखांनी सोडावी लागत होती. आत पिशवी, तिच्या आत आणखी एक, आणि तिच्या आत चिखल झालेला टोमॅटो. प्रत्येक पिशवी उघडताना एक आंबूस वाफ थेट तोंडावर येत होती.

"हा माल आमचा सगळ्यात नावडता," मावशी म्हणाल्या. "नुसतं साल असतं तर खताला गेलं असतं. नुसती पिशवी असती तर गठ्ठ्यात गेली असती. सालं पिशवीत बांधली की दोन्ही वाया. खत होत नाही आणि पिशवी धुवायची कुणी?"

एवढ्यात शेजारच्या बाईनं एक पिशवी उचलून उजेडात धरली. "मावशी, चिठ्ठीवाला!"

"अर्धं लिंबू, सोमवार," मावशींनी वाचलं. मग दुसरी. "काकडी, पाऊण, मंगळवार." त्यांनी ग्रंथपालांकडे पाहिलं. "साहेब, हे तुम्ही का? किती वर्षं आम्ही म्हणतोय, कोण हा माणूस, कचऱ्याला नाव घालून पाठवतो."

ग्रंथपालांना हसावं की रडावं कळेना. आपलं वळणदार अक्षर त्या फरशीवर ओळीनं पसरलेलं पाहून त्यांनी खाली मान घातली. एका घरच्या एका आठवड्याच्या एक्केचाळीस पिशव्या निघाल्या. यंत्र त्यात नव्हतं. काळी पिशवी फाटून तिच्यातला काही माल ढिगात मिसळला होता.

"ते वाजतं का हो?" मावशींनी एकाएकी विचारलं.

"काय?"

"माझ्या आत्याच्या कानात होतं तसलं. चालू राहिलं आणि दाबलं गेलं की शिट्टी मारायचं."

ग्रंथपाल ताडकन उठले. बाबा ते कधीच बंद करत नसत! मावशींनी हात वर केला. गठ्ठ्यांचं यंत्र बंद झालं, पंखा बंद झाला, कोपऱ्यातला रेडिओ बंद झाला. दारात एक गाडी माल घेऊन आली होती, तिच्या ड्रायव्हरलाही इंजिन बंद करायला लावलं. सहा बायका श्वास रोखून बसल्या. एक जण हलक्या हातानं ढीग दाबत पुढं सरकू लागली.

पत्र्यावर कुठं तरी एक पक्षी चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती. आणि मग ढिगाच्या तळातून, अगदी बारीक आवाज आला, कुंई.

मावशींनी हात घातला. काकडीच्या सालांच्या एका पिशवीत अडकलेली लहानशी पिशवी बाहेर निघाली. वर चिठ्ठी होती: "बाबांचं. ओलं करू नये."

ग्रंथपालांनी ती दोन्ही हातांत घेतली. हा माणूस दिवसभर पुस्तकांत राहणारा, पण त्या वेळी त्यांना एकच शब्द सापडला आणि तोही सगळ्यांचाच असतो. "आभारी आहे," ते म्हणाले. "मावशी, मी तुमच्यासाठी काय करू ते सांगा."

"काय काम करता तुम्ही?"

"वाचनालयात असतो. ग्रंथपाल."

"तिथं पुस्तक वाचून झालं की काय करतात? फेकतात?"

"छे हो. परत आणून देतात. मग दुसरा नेतो. एकेक पुस्तक दोनदोनशे माणसं वाचतात."

"मग घरीच असं का करता?" मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होत्या. "तुमच्या धंद्यातच आहे की ते. न्यायचं, वापरायचं, परत जागेवर ठेवायचं. लिंबासाठी एक वाटी नाही का घरात? वाटी धुतली की पुन्हा नवी. ही पिशवी एकदा वापरली की माझ्याकडं येते, आणि माझ्यानंतर तिला कुणी नाही. आभार मानायचे ना? तोंडानं मानलेत, पोचले. आता हातानं माना. पुन्हा आम्हाला तुमची गाठ सोडायला लावू नका."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, असं ग्रंथपालांना वाटलं. दिवसभर लोकांना पुस्तक परत करायला सांगणारा माणूस घरी प्रत्येक वस्तू एकदाच वापरत होता.

घरी आल्यावर आजोबांनी यंत्र पुसून कानात घातलं, दोनदा डोकं हलवलं आणि म्हणाले, "हं. फ्रिजचा आवाज येतोय. दुरुस्तीला आलाय." भिंगरीनं शाळेतून येताच त्यांच्या कानाकडे पाहिलं आणि त्यांच्या मांडीवर उडी मारली.

"जीव भांड्यात पडला बाई माझा," नर्सबाई म्हणाल्या.

"आता भाजीपण भांड्यात पडणार आहे," ग्रंथपाल म्हणाले आणि स्टुलावर चढले. माळ्यावर काय नव्हतं! त्यांच्या आईचे झाकणाचे स्टीलचे डबे होते, काचेच्या बरण्या होत्या, एकात एक बसणाऱ्या सात वाट्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आजोबांनी एक वाटी हातात घेऊन फिरवली. "तुझी आई वाटीवर ताटली झाकायची. तेही कव्हरच की." जुन्या चादरीच्या पिशव्या आजोबांनीच शिवल्या. रेडिओ जुळवलेल्या हातांना शिलाई काय जड जाणार? कोथिंबीर ओल्या फडक्यात गेली, ब्रेड डब्यात गेला, लिंबू वाटीखाली उपडं झालं. चिठ्ठ्या मात्र ग्रंथपालांनी सोडल्या नाहीत. डब्यांवर खडूनं लिहायला लागले.

शनिवारी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत आजोबा होते आणि त्यांच्या शेजारी, ग्रंथपालांनी स्वतः जाऊन बोलावलेल्या मावशी. त्यांनी चष्म्याची दोरी नवी बांधली होती.

भिंगरी व्यासपीठावर आली. तिनं समोर पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "म… म…"

मागून कुणी तरी खाकरलं. कुणी तरी कुजबुजलं, "माझे." ग्रंथपालांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. आजोबा पुढं झुकले, कानामागे हात धरला आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, कारण आपला आवाज किती मोठा आहे ते त्यांना कधीच कळत नसे, "सावकाश. मी कुठं पळून चाललोय?"

लोक हसले, आणि मग शांत झाले. भिंगरीनं एक श्वास घेतला.

"माझे आजोबा. माझं ऐकतात. मध्ये. बोलत नाहीत. म्हणून मी. त्यांचे आभार मानते." एवढं ठरलेलं होतं. ते झालं तरी ती खाली उतरली नाही. "आणि मावशींचे. आजोबांचं कानातलं. हरवलं होतं. तेव्हा मावशींनी. सगळी यंत्रं. बंद केली. आणि सगळ्या जणी. गप्प बसल्या. गप्प बसून ऐकलं. म्हणून ते सापडलं."

टाळ्या वाजल्या. आजोबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण त्यांचा हात अजून कानामागेच होता. मावशी मात्र चष्म्याच्या काचा पदरानं पुसत राहिल्या. "कचऱ्याच्या कामाचे कुणी असे आभार मानतं होय," त्या एवढंच म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलाशेजारी आणखी एक फळी लागली. तिच्यावर कापडी पिशव्या आणि झाकणाचे डबे, लोकांनी घरून आणून दिलेले. बाजाराला जाताना न्यायचे आणि सात दिवसांत परत आणायचे. पुस्तकांसाठीची जुनी सूचना तिथंही चिकटवलेली आहे: "वापरून झाल्यावर परत करावे." पहिल्या आठवड्यात एका आजीनं डबा उशिरा आणला, पण आत घरची बिस्किटं होती, म्हणून ग्रंथपालांनी दंड माफ केला.

वाचकहो, आपला कचरा आपल्या दारातून जातो तेव्हा संपत नाही, कुणाच्या तरी हातात जातो. त्या हातांना धन्यवाद म्हणायला भाषण लागत नाही. लिंबावर एक वाटी उपडी घातली तरी ते त्यांना पोचतं.

शेडवर विजेच्या बटणांच्या वर आजही एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. ग्रंथपालांच्या घरून सुक्या कचऱ्याची पहिली टोपली गेली तेव्हा ती वरच ठेवलेली होती. अक्षर बघून बायका ओरडल्या, "मावशी, चिठ्ठीवाला!" मावशींनी चष्मा लावून मोठ्यानं वाचली: "आत काही बांधलेलं नाही. गाठ सोडावी लागणार नाही."